करमाफी दिल्लीची, भार साऱ्यांचा

फेब्रुवारी महिना उजाडला की शिरपूर जैनसारख्या गावातही शिक्षक व लिपिक यांच्या बोलण्यात एक विषय हटकून येतो, आणि तो म्हणजे प्राप्तिकर. वाशिम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील हे गाव अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या मंदिरामुळे दूरवर माहीत आहे. परंतु त्याचा रोजचा व्यवहार चालतो तो सोयाबीन व तूर यांच्या पिकावर आणि शाळा, बँका व कार्यालये यांतील नोकरदारांच्या मासिक पगारावर. त्यामुळे केंद्रीय अर्थमंत्री संसदेत उभे राहून कराचा दर बदलतात तेव्हा त्याचे पडसाद येथील बाजारातही उमटतात. १ फेब्रुवारी २०२५ रोजी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी नव्या करप्रणालीत १२ लाख रुपयांपर्यंतचे करपात्र उत्पन्न करमुक्त केले, तेव्हा पगारदार वर्गात जे समाधान पसरले ते स्वाभाविक होते. पगारातून दरमहा होणारी कपात थांबणे ही मध्यमवर्गीय घरात लहान गोष्ट नव्हे.

परंतु या समाधानाच्या भरात एक साधा प्रश्न विचारावयाचा राहून गेला. सरकारने जो कर सोडला, तो नेमका कोणी सोडला? बहुतेकांचे उत्तर असेल, ‘दिल्लीने’. हे उत्तर अर्धेच खरे आहे. निर्णय दिल्लीचा असला तरी भार एकट्या दिल्लीवर पडत नाही. तो कोणाकोणावर पडतो, हे शिरपूरच्याच एका उदाहरणावरून पाहणे उपयुक्त ठरेल.

समजा, येथील एका ज्येष्ठ शिक्षकाचे वार्षिक वेतन १० लाख ७५ हजार रुपये आहे. ७५ हजारांची प्रमाणित वजावट गेल्यावर त्याचे करपात्र उत्पन्न १० लाख राहते. आर्थिक वर्ष २०२४-२५ च्या नव्या प्रणालीतील दरांनी त्याला ५० हजार रुपये प्राप्तिकर आणि त्यावर ४ टक्के आरोग्य व शिक्षण उपकराचे २ हजार, असे एकूण ५२ हजार रुपये भरावे लागत. २०२५-२६ मध्ये हीच रक्कम शून्यावर आली. शिक्षकाच्या घरात ५२ हजार रुपये राहिले. तेवढेच सार्वजनिक तिजोरीतून कमी झाले.

आता या रकमेची फोड पाहावी. राज्यघटनेच्या २७० व्या अनुच्छेदानुसार केंद्राने वसूल केलेले कर राज्यांशी वाटून घ्यावयाचे असतात. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी राज्यांचा वाटा ४१ टक्के ठरवला होता, आणि पुढील पाच वर्षांसाठीही तोच कायम राहिला आहे. वसुलीचा खर्च बाजूला ठेवला तर शिक्षकाच्या ५० हजारांपैकी २० हजार ५०० रुपये राज्यांचे होते. उरलेले २९ हजार ५०० केंद्राचे होते आणि उपकराचे २ हजारही सर्वस्वी केंद्राचेच, कारण उपकर व अधिभार यांत राज्यांना वाटा नाही. तात्पर्य, ५२ हजारांच्या या माफीत साडेवीस हजारांचा भार राज्यांनी उचलला. त्यासाठी त्यांना कोणी विचारले नव्हते, आणि विचारण्याचे बंधनही घटनेत नाही.

राष्ट्रीय पातळीवर हाच हिशेब फार मोठा होतो. या सवलतीमुळे प्रत्यक्ष करांतील सुमारे १ लाख कोटी रुपयांचा महसूल सोडला जाईल, असे अर्थमंत्र्यांनीच भाषणात सांगितले. ही सारी रक्कम वाटपयोग्य धरली तर त्यातील राज्यांचा वाटा सुमारे ४१ हजार कोटींचा होतो. महाराष्ट्राचा राज्यांमधील हिस्सा त्या काळात ६.३१७ टक्के होता. म्हणजे एकट्या महाराष्ट्राच्या पदरातून सुमारे अडीच हजार कोटी रुपये गेले. अर्थसंकल्पी भाषणात एकूण सोडलेल्या महसुलाचा आकडा अभिमानाने वाचला जातो. त्यात राज्यांचा भाग किती, हे सांगण्याची प्रथा मात्र पडलेली नाही.

यावर एक आक्षेप घेतला जाईल आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. शिक्षकाच्या हातात राहिलेला पैसा बाजारात येतो. त्यावर वस्तू व सेवा कर भरला जातो आणि त्याचा निम्मा भाग थेट महाराष्ट्राला मिळतो. हे खरे आहे. ५२ हजारांत १८ टक्के कराची एखादी वस्तू घेतली, तर त्यातील कर सुमारे ७ हजार ९०० रुपये होतो व राज्याला जवळजवळ ४ हजार मिळतात. उलट त्या शिक्षकाच्या ५० हजार प्राप्तिकरातून महाराष्ट्राच्या वाट्याला यावयाची रक्कम अवघी १ हजार ३०० रुपयांच्या आसपास होती. तेव्हा शिक्षकाने खर्च केला तर महाराष्ट्राला तोटा न होता लाभच होईल, असा युक्तिवाद करता येईल.

परंतु हा युक्तिवाद येथेच थांबवता येत नाही. हाच पैसा ५ टक्के कराच्या वस्तूंवर खर्च झाला तर राज्याच्या हाती १ हजार २४० रुपयेही पडत नाहीत. मुलाच्या शिक्षणासाठी बँकेत ठेवला तर काहीच नाही. शिवाय त्याच २० हजार ५०० रुपयांत बिहारचा हिस्सा १०.०५८ टक्के, म्हणजे सुमारे २ हजार ६० रुपयांचा होता. शिरपूरच्या शिक्षकाने मालेगावच्या दुकानातून घेतलेल्या फ्रिजवरील राज्याचा कर बिहारला मिळत नाही. केंद्राच्या वाट्यातून जे थोडे झिरपेल तेवढेच. करमाफीचा लाभ जेथे करदाते अधिक तेथे साचतो, आणि भार मात्र जेथे गरिबी अधिक तेथे जास्त पडतो.

बिहारचे बिहार पाहून घेईल, असे महाराष्ट्रात पुष्कळांना वाटते. ‘मुंबईने भरलेला कर मुंबईलाच मिळावा’ ही भाषा सभांमधून ऐकू येते आणि टाळ्याही घेते. शिरपूरच्या माणसाने मात्र ती टाळी वाजवण्यापूर्वी क्षणभर थांबावे. बिहार देशात जेथे आहे, तेथेच वाशिम महाराष्ट्रात आहे. अकोल्यातून १ जुलै १९९८ रोजी वेगळा झालेला हा जिल्हा केंद्राने निवडलेल्या आकांक्षित जिल्ह्यांपैकी एक आहे. येथील शिक्षकाचा पगार, तालुक्याचा दवाखाना, गावचा रस्ता हे सारे वाशिमच्या वसुलीतून चालत नाही. ते मुंबई-ठाणे-पुण्याच्या वसुलीतून चालते. विभागीय असमतोलाच्या अभ्यासासाठी वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली १९८३ मध्ये सत्यशोधन समिती नेमावी लागली आणि १९९४ मध्ये वैधानिक विकास मंडळे आली, ती याच कारणाने, की ज्याने भरले त्यालाच द्यावयाचे ठरवले तर विदर्भाचा अनुशेष कधीच भरून निघणार नाही. सामाईक तिजोरीतून गरजेप्रमाणे वाटप हे तत्त्व शिरपूरला महाराष्ट्रात हवे असेल, तर ते देशातही मान्य करावे लागेल. आणि ते मान्य केल्यावर त्या तिजोरीची राखण करणे हे शिरपूरचेही काम ठरते.

ही तिजोरी प्रामाणिकपणे राखली जात आहे काय? खरा वाद येथे आहे. केंद्राने करात सवलत देऊ नये, असे कोणी म्हणणार नाही. सरकारांना कर वाढवावे लागतात, तसे कमीही करावे लागतात. परंतु सवलत सामाईक करांत द्यावयाची आणि वाढ मात्र स्वतःपुरत्या उपकरांत करावयाची, असा क्रम पडू लागला, तर तो वाटणीचा व्यवहार राहत नाही.

गेल्या काही वर्षांतील घटना या दृष्टीने बोलक्या आहेत. चौदाव्या वित्त आयोगाने राज्यांचा वाटा ३२ वरून ४२ टक्क्यांवर नेला आणि २०१५ पासून तो लागू झाला. पुढे जम्मू-काश्मीर केंद्रशासित झाल्यावर तो ४१ झाला. सप्टेंबर २०१९ मध्ये कंपन्यांवरील कराचा मूळ दर ३० वरून २२ टक्क्यांपर्यंत खाली आणण्याचा मार्ग मोकळा झाला. सोडलेला महसूल १ लाख ४५ हजार कोटींचा असल्याचे सरकारने सांगितले. हा कर सामाईक होता. त्यामुळे राज्यांचा वाटाही त्याबरोबर घटला. त्यानंतर काही महिन्यांतच, मार्च व मे २०२० मध्ये, पेट्रोलवरील केंद्रीय शुल्क लिटरमागे एकूण १३ रुपयांनी वाढले. ही सर्व वाढ विशेष अतिरिक्त शुल्क व रस्ते उपकर यांच्या रूपाने झाली. तीत राज्यांना एक पैसाही मिळाला नाही. फेब्रुवारी २०२१ च्या अर्थसंकल्पानंतर पेट्रोलवरील केंद्राचे शुल्क लिटरमागे ३२ रुपये ९० पैसे होते. त्यात राज्यांशी वाटून घ्यावयाचा भाग फक्त १ रुपया ४० पैशांचा होता! न्यायाच्या दृष्टीने हेही नमूद केले पाहिजे की, नोव्हेंबर २०२१ आणि मे २०२२ मध्ये केंद्राने हे शुल्क घटवले ते आपल्या उपकरातूनच घटवले आणि राज्यांवर त्याचा भार टाकला नाही. परंतु एकूण कल लपत नाही. केंद्राच्या ढोबळ करमहसुलात उपकर व अधिभारांचे प्रमाण २०११-१२ मध्ये एक दशमांशाच्या आसपास होते. २०२०-२१ पर्यंत ते एक पंचमांशाच्या घरात गेले. कागदावरील ४१ टक्के हे प्रत्यक्षात एकूण महसुलाच्या तृतीयांशाच्या आसपास घुटमळतात, ते यामुळे.

केंद्राचीही एक बाजू आहे. संरक्षणाचा खर्च, अन्नधान्याचे अनुदान, महासाथीसारखी संकटे यांचा भार प्रथम केंद्रावरच पडतो, आणि उपकराचा काही पैसा केंद्रीय योजनांमार्फत राज्यांकडे परतही येतो. शिक्षण उपकर हे त्याचे उदाहरण होय. परंतु हा परतणारा पैसा केंद्राच्या अटींसह येतो. शिरपूरच्या शाळेला खोली हवी असताना योजनेत संगणकासाठी तरतूद असेल, तर संगणक येतो आणि खोली तशीच राहते. वाट्याचा पैसा राज्य आपल्या बुद्धीने खर्च करते. योजनेचा पैसा दुसऱ्याच्या बुद्धीने खर्च करावा लागतो.

हा वाद आजचा नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थकारणावर लिहिलेला प्रबंध १९२५ मध्ये लंडनहून प्रसिद्ध झाला. वरिष्ठ सरकारने प्रांतांना १८७१ पासून ठोक रकमा कशा दिल्या, १८७७ पासून काही महसुली बाबी कशा सोपवल्या, आणि १८८२ पासून महसुलाची वाटणी कशी सुरू झाली, याचा बारकाईने घेतलेला शोध त्यात आहे. प्रांतांवर जबाबदाऱ्या असल्या तरी तिजोरीची किल्ली वरच राहिली होती, हे त्या इतिहासावरून ध्यानात येते. स्वतंत्र भारताने दर पाच वर्षांनी वित्त आयोग नेमण्याची तरतूद घटनेत केली, ती ही वाटणी मर्जीवर न राहता नियमाने व्हावी म्हणून. तरीही १९५९ मध्ये कंपन्यांनी भरावयाचा प्राप्तिकर वाटपातून वगळला गेला, आणि २००० सालच्या ८० व्या घटनादुरुस्तीने सर्व केंद्रीय कर वाटपयोग्य होईपर्यंत राज्यांना चाळीस वर्षे थांबावे लागले. त्या दुरुस्तीने दार उघडले खरे. पण उपकर व अधिभार यांची खिडकी केंद्राकडेच राहिली.

याउलट वस्तू व सेवा कराची व्यवस्था आहे. २०१७ मध्ये हा कर आला तेव्हा राज्यांनी आपले अनेक कर सोडले. त्या बदल्यात दरवर्षी १४ टक्के वाढ गृहीत धरून पाच वर्षांच्या भरपाईची हमी मिळाली. ती जून २०२२ मध्ये संपली. परंतु परिषदेतील मताचा अधिकार टिकून आहे. तेथे केंद्राच्या मताचे वजन एक तृतीयांश, राज्यांचे दोन तृतीयांश, आणि निर्णयाला तीन चतुर्थांश बहुमत लागते. ३ सप्टेंबर २०२५ रोजी परिषदेने दर कमी केले आणि २२ सप्टेंबरपासून ते बहुतांशी लागू झाले, तेव्हाही महसूल घटणार होताच. केंद्राने ही घट सुमारे ४८ हजार कोटींची मानली. पण ती राज्यांसमोर मांडून, त्यांच्या संमतीने झाली. शिवाय त्या निर्णयाचा लाभ वेगळ्या माणसांपर्यंत पोचला.

ही वेगळी माणसे कोण, हेही शिरपूरमध्येच पाहता येईल. ज्येष्ठ शिक्षकाच्या शेजारी दरमहा १६ हजार रुपये मानधनावर काम करणारा शिक्षण सेवक आहे. कार्यालयात वर्षाला सहा लाख मिळवणारा लिपिक आहे. त्याचे उत्पन्न नव्या प्रणालीत २०२३ पासूनच करमुक्त होते. आणि शेतावर सोयाबीन सोंगणारी मजूर बाई आहे. २०२५ च्या प्राप्तिकर सवलतीने या तिघांना एक रुपयाही मिळाला नाही. सप्टेंबरच्या निर्णयाने मात्र साबण, केसांचे तेल, बिस्किटे यांवरील कर १८ वरून ५ टक्क्यांवर आला, मुलांच्या वह्या-पेन्सिली करमुक्त झाल्या, आणि ट्रॅक्टर व ठिबक संच यांवरील कर १२ वरून ५ टक्के झाला. कर माफ करावयाचाच असेल तर कोणता व कोणासाठी, हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो.

राज्यांच्या स्वतःच्या हातात काय उरले, याचे उत्तर पगारपत्रकावरच्या दुसऱ्या एका ओळीत सापडते. ती ओळ व्यवसाय कराची. महाराष्ट्राने १९७५ मध्ये हा कर बसवला तो रोजगार हमी योजनेला पैसा मिळावा म्हणून. १९७२ च्या दुष्काळात आकाराला आलेल्या आणि १९७७ मध्ये कायद्याचे रूप लाभलेल्या त्या योजनेसाठी शहरातल्या नोकरदाराने गावातल्या मजुराला हात द्यावा, ही त्यामागची कल्पना. वि. स. पागे यांच्या या योजनेकडे देशाने आदराने पाहिले आणि २००५ मध्ये केंद्राने तिच्याच धर्तीवर कायदा केला. परंतु व्यवसाय कराची कमाल मर्यादा घटनेच्या २७६ व्या अनुच्छेदाने बांधलेली आहे. १९८८ मध्ये ती वर्षाला २५० वरून २ हजार ५०० रुपये झाली आणि तेथेच अडकली. परिणाम असा की, १६ हजार मिळवणारा शिक्षण सेवक आणि त्याच्या पाच-सहा पट वेतन असलेला शिक्षक दोघेही तेवढाच कर भरतात. २५ हजारांपर्यंत वेतन असलेल्या स्त्रियांना राज्याने २०२३ मध्ये सूट दिली, एवढाच काय तो दिलासा.

एकीकडे अशी बांधलेली मर्यादा, तर दुसरीकडे वाढती जबाबदारी. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने २००५ च्या रोजगार हमी कायद्याच्या जागी नवा कायदा संमत केला. त्यात कामाचे दिवस १०० वरून १२५ झाले, ही स्वागतार्ह गोष्ट. परंतु पूर्वी अकुशल मजुरीचा सर्व खर्च केंद्र करीत असे. नव्या कायद्यात महाराष्ट्रासारख्या राज्यांना खर्चाचा ४० टक्के भार उचलावयाचा आहे. मजूर बाईच्या हजेरीपटावरील रोजंदारीचे चाळीस टक्के यापुढे मुंबईच्या तिजोरीतून यावयाचे, आणि त्याच तिजोरीत येणारा केंद्रीय करांचा वाटा करमाफीने घटलेला. या दोन गोष्टींची गाठ कोणी घालावयाची? आठवा वेतन आयोगही केंद्राने नेमलेला आहे. त्याच्या शिफारशींचा मागोवा घेत राज्यात वेतनवाढ होईल तेव्हा ती ज्येष्ठ शिक्षकाला दिल्ली देणार नाही, राज्यच देईल.

मग काय व्हावे? तीन गोष्टी तरी अवघड नाहीत. पहिली, केंद्रीय अर्थसंकल्पात कोणतीही सवलत जाहीर करताना तीतील राज्यांचा भाग किती व कोणत्या राज्याचा किती, हे त्याच दिवशी छापले जावे. दुसरी, उपकर व अधिभार यांना महसुलाच्या प्रमाणात मर्यादा असावी. मर्यादेपलीकडील रक्कम आपोआप वाटपात यावी, आणि प्रत्येक उपकराची मुदत कायद्यातच लिहिलेली असावी. तिसरी, व्यवसाय कराच्या मर्यादेचा फेरविचार व्हावा, आणि तो करताना कमी वेतनाच्या नोकरदारास पूर्ण सूट मिळावी. ही शेवटची सूचना ज्येष्ठ शिक्षकाला आवडणार नाही. परंतु ५२ हजारांची माफी ज्याने स्वीकारली, त्याने गावच्या मजुरीसाठी थोडे अधिक देण्यास कुरकुर करावी, हे शोभणारे नाही.

राज्यालाही हा न्याय लावला पाहिजे. दिल्लीकडे वाटा मागणारे मुंबईचे सरकार जिल्हा परिषदेशी व ग्रामपंचायतीशी वागताना पुष्कळदा दिल्लीचाच कित्ता गिरवते. ७३ व्या घटनादुरुस्तीने राज्य वित्त आयोग आला तो गावाला हक्काचा पैसा मिळावा म्हणून. वरच्याशी हक्काने बोलावयाचे असेल, तर खालच्याचा हक्क आधी मान्य करावा लागतो.

नामदार गोखले यांनी १९०२ मध्ये कलकत्त्याच्या कौन्सिलात पहिले अर्थसंकल्पी भाषण केले, तेव्हा सरकारची शिल्लक वाढत असताना रयत मात्र कर भरून खंगत आहे, हे आकड्यांनी दाखवून दिले. पुढच्याच वर्षी मिठावरील कर उतरला. शाळांतून आकडेमोड शिकवणारे आणि कार्यालयांतून हिशेब लिहिणारे लोक शिरपुरात आजही आहेत. १९६१ चा प्राप्तिकर कायदा जाऊन १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा आला आहे. त्यातील कलमे त्यांना लवकरच पाठ होतील. त्यांनी याबरोबर ४१ टक्क्यांचा हिशेबही पाठ करावा, आणि मत मागावयास येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला, तो दिल्लीचा असो वा मुंबईचा, तो मांडून दाखवण्यास सांगावे.